अर्धवट तयार औषध आणि घरचा चमचा

दवाखान्यातून मिळणारी गोळी तयार असते. पाकिटातून काढायची, पाण्याबरोबर गिळायची, काम झाले. लहान मुलांसाठी मिळणारे अँटिबायोटिकचे पातळ औषध तसे नसते. त्या बाटलीच्या तळाशी कोरडी पावडर असते आणि बाटलीच्या अंगावर एक खूण. त्या खुणेपर्यंत पाणी मिसळून हलवले, की औषध तयार होते. म्हणजे कारखान्यात सुरू झालेले काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर पूर्ण होते आणि ते पूर्ण करते बहुतेक वेळा रात्रभर तापलेल्या बाळाला मांडीवर घेऊन जागलेली आई. औषध तयार करण्याचा शेवटचा टप्पा आपण तिच्यावर सोपवला आहे. त्यासाठी लागणारे माप आणि माहिती मात्र तिच्या हातात क्वचितच पडते.

मुलाला बरे वाटले नाही, औषध लवकर संपले, जास्त पडले, की आपण म्हणतो, ‘पालकांनी सांगितल्याप्रमाणे दिले नाही.’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात इतकी वर्षे बसल्यावर माझे मत वेगळे आहे. बहुतेक पालक सांगितलेले तंतोतंत करतात. आपण सांगतो तेच अर्धवट असते.

आधी, ही पावडर मुळात कोरडी का ठेवतात ते पाहू. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम ही सारी पेनिसिलिनच्या विस्तारित कुटुंबातली औषधे. त्यांच्या रेणूत ‘बीटा-लॅक्टम’ नावाचे एक कडे असते. जंतूंना मारण्याचे काम हे कडेच करते, पण पाण्यात राहिल्यावर ते हळूहळू तुटू लागते. उष्णता असेल तर आणखी लवकर तुटते. पातळ करून ठेवलेले औषध गोदामात आणि दुकानात महिनोन्‌महिने टिकणार नाही, म्हणून ते कोरडे विकतात. पाणी पडले त्या क्षणी घड्याळ सुरू होते. अनेक बाटल्यांवर लिहिलेले असते, की पाणी मिसळल्यावर सात दिवसांत वापरा. ही सूचना कारखान्याने जपून लिहिलेली असते, पण इंग्रजीत आणि भिंगाने वाचावी लागेल अशा अक्षरांत.

आता पाण्याचा हिशेब. समजा, ३० मिलीची बाटली आहे आणि लेबलवर लिहिले आहे, ‘दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम’. याचा अर्थ बाटलीत एकूण ७५० मिलिग्रॅम औषध आहे. खुणेपर्यंत पाणी भरले तर दर ५ मिलीत बरोबर १२५ मिलिग्रॅम येईल. औषध घट्ट असले तर चांगले, असे समजून कोणी २० मिलीवरच थांबले, तर तेवढ्याच ५ मिलीत १८७ मिलिग्रॅम जाईल. बाटली गळ्यापर्यंत भरून ४० मिली केली, तर ९४ मिलिग्रॅमच जाईल. डॉक्टरांनी लिहिलेला डोस एकच, देणाऱ्या आईचा चमचा एकच, पण एका घरी डोस दीडपट होतो आणि शेजारच्या घरी पाऊणपट. ‘३० मिली पाणी घाला’ आणि ‘३० मिली होईल इतके पाणी घाला’ ही दोन वाक्येही सारखी नाहीत, कारण पावडरही जागा व्यापते. हा फरक किती जणांना कोणी समजावून सांगितला असेल?

मिसळण्याची रीत तशी सोपी आहे. पाणी उकळून पूर्ण गार केलेले हवे. गरम पाणी औषध बिघडवते. आधी बाटली हलवून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची. मग खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून बूच लावून जोरात हलवायचे. फेस येईल. तो बसू द्यायचा, कारण फेसासह पाणी खुणेला टेकलेले दिसते आणि फेस बसला की ते खाली गेलेले असते. मग उरलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे आणि पुन्हा हलवायचे. काही खोक्यांत पाण्याची छोटी कुपी असते. ती असेल तर तेच पाणी वापरायचे. तयार झालेले औषधही साखरेच्या पाकासारखे एकजीव नसते, त्यात बारीक कण तरंगत असतात आणि बाटली ठेवली की खाली बसतात. दर वेळी हलवून घेतले नाही, तर पहिल्या दोन दिवसांत मुलाच्या पोटात नुसते गोड पाणी जाते आणि शेवटच्या डोसात गाळ.

दुसरा गोंधळ चमच्याचा. केस पेपरवर आजही ‘१ चमचा, दिवसातून ३ वेळा’ असे लिहिलेले सापडते. लिहिणाऱ्याच्या मनात ५ मिलीचा चमचा असतो. वाचणाऱ्याच्या घरी चहाचा चमचा असतो, पोहे खायचा असतो, वाढायचा असतो आणि तान्ह्या बाळासाठी चांदीचे किंवा स्टीलचे बोंडले असते. आपल्याकडच्या चमच्यांत अडीच मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही मावते. बोंडल्याने बाळगुटी द्यायला हरकत नाही, अँटिबायोटिक मोजायला ते चालत नाही. ‘अर्धा चमचा’ म्हटले की तर विचारायलाच नको, चमच्याचा अर्धा भाग डोळ्यांनी कोण मोजणार? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच ठरवले, की मुलांच्या पातळ औषधाचा डोस फक्त मिलीत लिहावा, चमच्यात नाही. आपल्याला हे करायला कुठल्या मोठ्या खर्चाची किंवा यंत्राची गरज नाही. लिहिणाऱ्याने ‘१ चमचा’ऐवजी ‘५ मिली’ लिहायचे, इतकेच.

मोजण्यासाठी सर्वात चांगले साधन म्हणजे सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज. ती कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. सुई मेडिकलवाल्याकडेच ठेवायची आणि टोकावर टोपी असेल तर ती फेकून द्यायची, नाहीतर बाळाच्या घशात अडकू शकते. औषध ओढून घेतले, की बाळाला बसते धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडायचे. घशात जोरात पिचकारी मारली तर ठसका लागतो. नाक दाबून, आडवे पाडून औषध पाजण्याची आपल्याकडची पद्धत तर कायमची सोडायला हवी. त्यात औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दुधाच्या भरलेल्या बाटलीतही औषध मिसळू नये. बाळाने अर्धे दूध सोडले, तर डोस किती गेला हे कोणालाच कळत नाही.

तिसरा धोका बाटलीच्या नावात नाही, आकड्यांत असतो. एकाच औषधाच्या, एकाच रंगाच्या खोक्यातल्या दोन बाटल्यांत औषधाचे प्रमाण वेगळे असते. अमॉक्सिसिलिन दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० चेही. ॲझिथ्रोमायसिन १०० चे आणि २०० चे. सर्वात फसवे असतात ते थेंब. तान्ह्या बाळांसाठी अमॉक्सिसिलिनचे जे ड्रॉप्स येतात, त्यांत दर १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये दर १ मिलीत २५ मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स सिरपच्या चौपट तीव्र. ‘लहान बाळाचे औषध म्हणजे सौम्य असणार’ असे समजून कोणी मोठ्या भावाला ड्रॉप्सच ५ मिली पाजले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम जातील. म्हणून दुकानदाराने ‘हेच औषध, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगून बाटली बदलून दिली, तर नाव जुळते का एवढेच पाहून भागत नाही. ‘दर ५ मिलीत किती’ हा आकडाही चिठ्ठीशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

डोस ठरतो तो मुलाच्या वजनावर, वयावर नाही. दोन वर्षांची दोन मुले, एक आठ किलोचे आणि एक तेरा किलोचे, यांना एकच डोस कसा चालेल? ज्या भागात कुपोषण आहे तिथे तर वयावरून काढलेला अंदाज हमखास चुकतो. त्यामुळे ‘शेजारच्या पिंट्याला हेच दिले होते’ हा आधार धरू नये आणि मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून तेच औषध पुन्हा आणू नये. मूल वर्षभरात वाढलेले असते. काट्यावर उभे केल्याशिवाय कोणी अँटिबायोटिक लिहून देत असेल, तर ‘वजन करता का एकदा?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

चौथी अडचण सगळ्यात कमी बोलली जाते, ती बाटलीच्या आकाराची. ३० मिलीची बाटली, डोस ५ मिली, दिवसातून तीन वेळा. साधा भागाकार करा, ती दोन दिवसांत संपते. पाच दिवसांच्या उपचाराला ७५ मिली लागतात, म्हणजे तीन बाटल्या. पण आपल्या लोकांच्या मनात एक बाटली म्हणजे एक उपचार हे समीकरण पक्के बसलेले आहे. दोन दिवसांत ताप उतरलेला असतो, पोर अंगणात खेळायला लागलेले असते, बाटली रिकामी झालेली असते आणि पुन्हा रुग्णालयात यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. मग उपचार तिथेच थांबतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण पहिल्याच दिवशी तीन बाटल्या हातात दिल्या असत्या आणि ‘एक संपली की दुसरीत पाणी घाला, तिन्हींत एकदम घालू नका’ असे सांगितले असते, तर तोच बाप पाचही दिवस औषध देणार होता.

उपचार मध्येच सुटल्याचे नुकसान नेहमी लगेच दिसत नाही. घसादुखीचे उदाहरण घ्या. बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. पण शाळकरी वयात काही वेळा ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जातीच्या जंतूमुळे घसा सुजतो. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले, तर त्यासाठी दहा दिवसांचा उपचार सांगितला जातो. घसा दोन-तीन दिवसांतच बरा वाटतो. बाकीचे दिवस घशासाठी नसतातच, ते हृदयासाठी असतात. या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. अशा झडपा घेऊन आलेल्या तरुण मुली, अनेकदा पहिल्या बाळंतपणात धाप लागली म्हणून आलेल्या, सरकारी रुग्णालयांत आजही दिसतात. याउलट, साध्या न्यूमोनियाला आता पाच दिवसही अनेकदा पुरतात. म्हणजे प्रत्येक आजाराचे दिवस वेगळे. ‘बरे वाटेपर्यंत’ हे मोजमाप नाही आणि ‘बाटली संपेपर्यंत’ हेही नाही. चिठ्ठीवर दिवसांचा आकडा हवा, आणि तो देणाऱ्याला कळेल अशा अक्षरांत हवा.

पाचवी गोष्ट उन्हाळ्याची. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे जोड औषध पाणी मिसळल्यावर फ्रिजमध्येच ठेवावे लागते. बर्फाच्या कप्प्यात नाही आणि दारातही नाही, मधल्या फळीवर. बाहेर राहिले तर त्याचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होऊ लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तिथे पत्र्याच्या घरात हे औषध दोन-तीन दिवस कपाटावर ठेवले, तर काय उरणार? उलट काही औषधे फ्रिजमध्ये ठेवू नयेत अशीही असतात. क्लॅरिथ्रोमायसिन थंडीने घट्ट होते. म्हणून ‘घरी फ्रिज आहे का?’ हा प्रश्न मला ‘ताप किती दिवस आहे?’ याइतकाच वैद्यकीय प्रश्न वाटतो. फ्रिज नसेल तर फ्रिजशिवाय टिकेल असे औषध निवडणे ही डॉक्टरची जबाबदारी आहे.

तसा पर्याय आहे. पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या मिळतात, १२५ आणि २५० मिलिग्रॅमच्या. चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली, की गोळी विरघळते आणि बाळाला पाजता येते. पाण्याची खूण नको, फ्रिज नको, हलवणे नको, दिवसाला किती गोळ्या हे मोजणे सोपे, वाहतुकीला हलक्या, पडून फुटण्याची भीती नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या गोळ्यांचीच शिफारस करतात. तरीही आपल्याकडे पालकांना बाटलीच ‘खरे औषध’ वाटते आणि लिहिणाऱ्यांनाही बाटलीची सवय झालेली आहे. ज्या आजाराला आणि ज्या वजनाला या गोळ्या चालतात, तिथे सरकारी औषधसाठ्यात पहिली पसंती त्यांना मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाटली राहील, पण जिथे तिच्यावाचून चालत नाही तिथेच.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मात्र विसरून चालणार नाही. या मुलाला अँटिबायोटिक हवेच आहे का? सर्दी, वाहते नाक, साधा खोकला हे विषाणूंचे काम. अँटिबायोटिक जंतूंवर म्हणजे बॅक्टेरियावर चालते, विषाणूंवर नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून जंतुसंसर्ग झाला असेही नसते, सर्दी उतरताना तो तसा होतोच. लहान मुलांचे बहुतेक जुलाबही विषाणूंचे असतात. त्यांना ओआरएस आणि १४ दिवस झिंक लागते, अँटिबायोटिक नाही. उलट अँटिबायोटिकनेच जुलाब वाढू शकतात. हे सांगायला वेळ लागतो आणि बाटली लिहायला अर्धे मिनिट पुरते, हे खरे. पण ‘साहेब, काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणणाऱ्या बापाला ‘आज याची गरज नाही, पण अमुक दिसले तर लगेच या’ असे सांगणारा डॉक्टर त्याचे जास्त भले करत असतो. आपणही अशा डॉक्टरला ‘औषधच दिले नाही’ म्हणून नावे ठेवू नयेत.

‘अमुक’ म्हणजे काय, तेही सांगतो. बाळ शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात तो मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपण ‘पोट उडतंय’ म्हणतो, बाळ पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा मलूल पडले असेल, तर तासाचाही उशीर नको. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप किंवा धाप असेल, तर घरी कोणतेही सिरप सुरू न करता थेट रुग्णालय गाठावे. आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली, तर पुढचा डोस न देता लगेच रुग्णालयात यायचे. येताना बाटली बरोबर आणायची.

चुकीच्या वापराची किंमत एकटे ते मूल देत नाही. कमी डोस, अर्धवट दिवस आणि गरज नसताना दिलेले औषध, या तिन्हींमुळे जंतूंना त्या औषधाची ओळख होते आणि ते त्याला दाद देईनासे होतात. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. हे काही आज अचानक समोर आलेले नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच अपुऱ्या डोसाच्या धोक्याची सूचना दिली होती. आपल्या राज्यात १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. तेवढा मोठा कारखाना चालवता आलेल्या आपल्या व्यवस्थेला बाटलीतला शेवटचा घोट मोजून देता येऊ नये, हे पटत नाही.

नियम नाहीत असेही नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. सेफिक्झिमसारखी अनेक औषधे २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. पाकिटावरची उभी लाल रेघ हीच खूण आहे, की हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. पण नियम विक्रीच्या क्षणापर्यंत येऊन थांबतात. बाटली घरी गेल्यावर काय होते, याबद्दल ते गप्प आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी असो की खासगी, औषधाच्या खिडकीतून पावडरची एकही बाटली चार गोष्टींशिवाय बाहेर जाऊ नये. एक, फार्मासिस्टने तिथेच पाणी मिसळून द्यावे किंवा खूण बोटाने दाखवून कसे मिसळायचे ते सांगावे. घर लांब असेल आणि औषध फ्रिजचे असेल, तर दाखवणेच बरे. दोन, मिलीच्या खुणा असलेले माप बरोबर द्यावे. तीन, पूर्ण दिवसांना पुरतील इतक्या बाटल्या एकदम द्याव्यात. चार, बाटलीवर मराठीत चिकटपट्टी असावी: किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस, पाणी कधी मिसळले आणि कधी फेकायचे. जिथे लोक कोरकू, भिली किंवा गोंडी बोलतात, तिथे चित्रे असावीत. सिरिंजवर डोसाच्या रेघेशी रंगीत पेनने खूण केली, तर वाचता न येणाऱ्या आजीलाही चूक करता येणार नाही.

यावर उत्तर तयार असते: ‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ खिडकीपुढची रांग मी रोज पाहतो आणि एका फार्मासिस्टने दिवसभरात किती लोकांना औषध द्यावे लागते तेही. त्याच्यावर आणखी काम लादा असे मी म्हणत नाही. पदे भरा, आणि तोवर हे काम वाटून घ्या, असे म्हणतो. लसीकरणाच्या दिवशी परिचारिका आयांना रांगेत बसवून दहा मिनिटांत हे दाखवू शकते. पाड्यावरच्या आशाताईला एकदा शिकवले, तर ती बाळाच्या घरी जाऊन खुणेपर्यंतचे पाणी तपासेल. २०१९ पासूनच्या ‘सांस’ मोहिमेत न्यूमोनियाची शंका असलेल्या बाळाला रुग्णालयात पाठवण्यापूर्वी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याचे काम तिच्यावर सोपवलेले आहे. एवढा विश्वास आपण तिच्यावर टाकलाच आहे. माप आणि चिकटपट्टी यांचा खर्च औषधाच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. वाया गेलेल्या उपचारानंतर मूल पुन्हा दाखल करावे लागते, त्या खर्चाशी तर तुलनाच नको.

हे सारे होईपर्यंत पालकांनी थांबायचे कारण नाही. खिडकीवरून हलण्यापूर्वी विचारा: पाणी कुठपर्यंत घालू? किती मिली देऊ? किती दिवस देऊ आणि तेवढ्याला ही बाटली पुरेल का? फ्रिजमध्ये ठेवायची का? जेवणाआधी की नंतर? मागे रांग कुरकुरली तरी विचारा. घरी आल्यावर पाणी मिसळल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, कारण चव गोड असते. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या, पण पुढच्या डोसची वेळ झालीच असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन डोस एकदम देऊ नका. औषध घेतल्या घेतल्या उलटी झाली, तर पुन्हा द्यायचे का हे फोन करून विचारा.

आणि उरलेले औषध पुढच्या आजारासाठी ठेवू नका. सात दिवसांनी त्या बाटलीत किती औषध जिवंत आहे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि पुढचा ताप त्याच जंतूचा असेल हेही. ती मोरीत ओतू नका. ओला आणि सुका कचरा सोडून वेगळ्या डब्यात, म्हणजे जुन्या गोळ्या आणि तुटलेले थर्मामीटर ज्यात टाकायचे त्या कचऱ्यात ती द्या.

चांगले औषध लिहून देणे हे आमचे काम आहे, आणि ते मुलाच्या पोटात योग्य मापात पोहोचेल अशी सोय करणे हेही आमचेच. त्या आईला आपण कारखान्याचे शेवटचे काम दिले आहे, तर त्या कामाची हत्यारेही तिला द्यायला हवीत.